व्हॅलेंटाइनला वर्गणी नको, बदाम घरीच बनवा! लग्नपत्रिका, हळद अन् पिंपळपानातून वर्गमित्र आणि शिक्षकांसाठी भेट

बुलढाणा | विशेष

फेब्रुवारी लागला की तालुक्याच्या गावातल्या जनरल स्टोअरसमोर लाल फुगे लटकतात. टेडी, चॉकलेटचे डबे, बदामाच्या आकाराची उशी, गाणं वाजणारं कार्ड. मोबाइलवर तर आठवडाभर आधीपासून 'कधी रोज डे, कधी चॉकलेट डे' सुरू असतं. मोठ्यांना वाटतं हे कॉलेजच्या पोरांचं प्रकरण आहे. पण हे सगळं आता तिसरी-चौथीच्या मुलांपर्यंत पोचलंय. मग एखाद्या संध्याकाळी पोरगं दप्तर टाकत म्हणतं, ''आई, मले पन्नास रुपये दे ना, सगळे मॅडमले गिफ्ट घेऊन रायले.''

पन्नास रुपये काहींना किरकोळ वाटतील. ज्या घरात दोन मुलं शाळेत आहेत आणि मजुरी रोजची रोज आहे, तिथे ते किरकोळ नसतात. नाही म्हणावं तर पोरगं वर्गात एकटं पडतं, हो म्हणावं तर आठवड्याच्या बाजारातून काहीतरी कमी करावं लागतं. त्यात वर्गणीची यादी फळ्यावर किंवा वहीत लिहिली गेली, की कुणी दिले आणि कुणी नाही हे साऱ्या वर्गाला कळतं.

यातून सुटका करणारा रस्ता सोपा आहे. भेट द्यायची, पण विकत घ्यायची नाही. घरात पडून असलेल्या वस्तूंमधून ती मुलांनीच करायची. वीस-पंचवीस जणांच्या वर्गासाठी सगळा खर्च पन्नास रुपयांच्या आत बसतो. तो कसा, ते पाहूया. सोबत कशाला हात लावायचा नाही, तेही. कारण गावाकडे फुकट मिळणाऱ्या काही वस्तू दिसायला सुंदर पण जिवाला घातक असतात.

हा दिवस फक्त प्रेमी जोडप्यांचाच का?

गावात १४ फेब्रुवारी म्हटलं की काही जणांच्या कपाळावर आठ्या पडतात. लहान मुलांनी हे कशाला करायचं, असा प्रश्न येतो. प्रश्न चुकीचा नाही, पण थोडी माहिती घेतली तर उत्तरही सापडतं.

सेंट व्हॅलेंटाइन हे रोममधले एक ख्रिस्ती संत. तिसऱ्या शतकात त्यांना मृत्युदंड दिला गेला असं परंपरा सांगते. प्रेमाशी या दिवसाचा संबंध बऱ्याच नंतर, मध्ययुगात जोडला गेला. कार्ड पाठवायची पद्धत इंग्लंडमध्ये १८४० साली पोस्टाचा दर एक पेनी झाल्यावर फोफावली, कारण पत्र पाठवणं गरिबालाही परवडू लागलं. अमेरिकेत एस्थर हाउलंड नावाच्या तरुणीने १८४० च्या दशकाच्या शेवटी वडिलांच्या स्टेशनरीच्या दुकानाच्या आधाराने जाळीदार कागदाची कार्डं बनवायला सुरुवात केली. मैत्रिणींना बसवून एकीने कापायचं, दुसरीने चिकटवायचं, अशी कामाची वाटणी केली. आपल्याकडचे बचत गट पापड-शेवयांचं काम करतात, जवळपास तसंच.

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत आज या दिवसाला वेगळं रूप आहे. तिथे मुलं वर्गातल्या मित्रांसाठी आणि शिक्षकांसाठी छोटी कार्डं नेतात. बऱ्याच शाळांत त्याला एक अट असते: द्यायचं तर वर्गातल्या प्रत्येकाला द्या, नाहीतर कुणालाच देऊ नका. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतही आदल्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्गाची यादी घेऊन मुलं नावं लिहीत बसतात. फिनलंडमध्ये तर १४ फेब्रुवारीला मित्रांचा दिवस असंच म्हणतात.

म्हणजे नावावरून भांडायचं कारण नाही. शाळेत 'व्हॅलेंटाइन' शब्द नको वाटत असेल तर 'मैत्रीचा बदाम' म्हणा, 'आभार दिवस' म्हणा. काही शाळा यासाठी फेब्रुवारीतला निरोप समारंभ निवडू शकतात. मुलांना फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या जिल्ह्याने लक्षात ठेवायची आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाच्या हल्ल्यात सीआरपीएफचे ४० जवान शहीद झाले. त्यात दोन जवान बुलढाणा जिल्ह्यातले होते, एक मलकापूरचे आणि एक लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे. जिथे त्या दिवशी श्रद्धांजली वाहिली जाते, तिथे कार्डांचा कार्यक्रम एक दिवस आधी किंवा नंतर घ्यावा. हे शिक्षकांना आधी विचारलेलं बरं.

सगळ्यात आधी हजेरी

साहित्य गोळा करण्याआधी करायचं काम म्हणजे वर्गाची यादी. मुलाला आठवतील तेवढी नावं लिहायला सांगितलं, तर तो आपल्या बाकावरच्या पाच-सहा मित्रांची लिहून मोकळा होतो. उरलेली नावं राहतात. नेमकी तीच मुलं राहतात, ज्यांना एरवीही कुणी बोलावत नाही. म्हणून हजेरीच्या क्रमाने सगळी नावं लिहून आणायला सांगा. पट पंधरा-वीसचा असेल तर काहीच अडचण नाही. पट पन्नासचा असेल तर दोन मुलांनी मिळून यादी अर्धी-अर्धी वाटून घ्यावी.

या यादीत अशीही नावं सापडतील, जी सध्या शाळेत येत नाहीत. आई-वडिलांसोबत ऊसतोडीला गेलेली, वीटभट्टीवर असलेली. फेब्रुवारीत ती मुलं दूर कुठल्या तरी फडावर असतात, आणि परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते किंवा होऊन गेलेली असते. त्यांच्या नावाचंही कार्ड करा. शिक्षकांना सांगून ते कपाटात ठेवता येतं. फडावर कुणाचा फोन लागत असेल तर कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवता येतो. आपण नसतानाही वर्गाने आपलं नाव घेतलं, हे त्या पोराला कळलं तर शाळेत परतायला त्याचा पाय उचलतो.

शाळेतल्या मोठ्या माणसांची नावंही याच यादीत घालायची. फक्त वर्गशिक्षक नाहीत. खिचडी शिजवणाऱ्या मावशी, शाळा झाडणारे काका, वाडी-वस्तीवरून मुलांना आणणारे ऑटोवाले, अंगणवाडीच्या ताई. या माणसांना कुणी कार्ड देत नाही. त्यांना दिलं की काय होतं, ते देताना मुलांनाच दिसेल.

लग्नपत्रिका: घराघरातला फुकटचा कार्डशीट

फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. कोणत्याही घरात खुंटीला, देव्हाऱ्याजवळ किंवा टीव्हीच्या मागे लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडतोच. त्या रद्दीतही फारशा जात नाहीत, कारण त्यावर गणपती असतो आणि तो फेकायला मन होत नाही. पण हा कागद म्हणजे सोनं आहे. जाड, गुळगुळीत, कडेला सोनेरी नक्षी. दुकानात कार्डशीट विकत घ्यायला गेलं तर असा मिळत नाही.

आधी गणपतीचं किंवा देवाचं चित्र असलेला भाग व्यवस्थित कापून वेगळा ठेवा. घरातल्या मोठ्यांना दुखवायचं काम नाही. उरलेल्या पत्रिकेची कोरी बाजू वर घ्या. कागद मधोमध दुमडा, दुमडलेल्या कडेला पेन्सिलीने अर्धा बदाम काढा आणि दोन्ही पदर एकत्र कापा. उघडलं की दोन्ही बाजू सारख्या असलेला पूर्ण बदाम तयार. हा आकार हाताने पूर्ण काढायला गेलं तर एक बाजू जाड, एक बारीक होते आणि लहान मुलं रडकुंडीला येतात. अर्ध्याची युक्ती पहिलीतल्या मुलालाही जमते.

पत्रिकेची सोनेरी किनार असलेली पट्टी दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब कापली की पुस्तकात घालायची खूण होते. वर पंचिंग मशीनने किंवा जाड सुईने भोक पाडून लोकरीचा गोंडा बांधायचा. लोकर नसेल तर शिंप्याकडच्या चिंध्या मागा. ब्लाउजपीसचे, खणाचे बारीक तुकडे शिंपी एरवी झाडूनच टाकतो. शिक्षकांसाठी ही खूण सगळ्यात उपयोगाची, कारण ती रोज हाताखाली राहते.

ज्या बाजूला वधू-वरांची नावं छापलेली आहेत, ती बाजू आत जाईल किंवा दुसरा कागद चिकटवून झाकली जाईल याची काळजी घ्या. नाहीतर मॅडमच्या हातात कार्ड पडतं आणि आत 'आग्रहाचे निमंत्रण' निघतं.

चिकटवायला फेव्हिकॉलच पाहिजे असं नाही. दोन चमचे मैदा किंवा गव्हाचं चाळलेलं पीठ आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचं, मग कपभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरट रंग जाऊन ते जरा पारदर्शक आणि दाट झालं की खळ तयार. पतंग चिकटवायला जुनी माणसं हीच वापरायची. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. ती टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालायची जुनी पद्धत काहींना माहीत असेल. मुलांच्या हातचं काम आहे, मोरचूद विषारी असतो, अजिबात घालू नका.

हळदीचं जादूचं कार्ड

मुलांना सगळ्यात जास्त आवडणारा प्रकार हाच, आणि खर्च जवळपास शून्य.

साधा पांढरा कागद घ्या. चकचकीत नको, वहीचा किंवा झेरॉक्सचा चालतो. एक चमचा खाण्याचा सोडा दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवा. काडीला कापूस गुंडाळून त्या पाण्याने कागदावर मोठ्या अक्षरात मित्राचं नाव लिहा किंवा बदाम काढा. कागद पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर तो कोराच दिसतो. या कोऱ्या कागदासोबत चिमूटभर हळदीची पुडी द्यायची.

मित्राने हळद थोड्या पाण्यात कालवायची, कापूस बुडवून कागदावर हलका टेकवत न्यायचा. कागद पिवळा होतो, आणि सोड्याने लिहिलेलं लालसर-तपकिरी उमटतं. कापूस जोरात घासला तर अक्षरं पसरतात, म्हणून टेकवायचा.

हे का होतं, ते मुलांना सांगायला सोपं आहे. हळदीत कर्क्युमिन नावाचा रंग असतो. तो आम्लात पिवळाच राहतो, अल्कली लागला की लाल होतो. सोडा अल्कधर्मी आहे. शर्टावर भाजीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं असतं. कारण तेच. पारंपरिक कुंकूही हळदीला चुना लावून करतात, तिथेही हीच करामत. उमटलेल्या लाल अक्षरावर लिंबाचा थेंब टाकला की ते पुन्हा पिवळं. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात दर्शक येतात, तेव्हा हे कार्ड आठवेल.

आता महत्त्वाचं. सोड्याऐवजी खायच्या चुन्याने रंग जास्त लाल येतो, हे खरं. म्हणून कुणी तरी घरातली चुन्याची पुडी किंवा ट्यूब मुलाच्या हाती देईल. देऊ नका. ट्यूब दाबताना फुटून चुना डोळ्यात उडतो आणि बुबुळ भाजतं. लहान मुलांची नजर गेल्याची उदाहरणं नेत्ररुग्णालयांत येत असतात. चुकून डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू न देता, उघडा धरून स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ सोडत राहायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. तूप, दूध, मध असलं काही घालायचं नाही.

पिंपळपान: निसर्गानेच कापलेला बदाम

बदामाचा आकार कापायचीही गरज नसलेली वस्तू पाराजवळ पडलेली असते. पिंपळाचं पान. जुन्या पिढीतल्या जवळपास प्रत्येकाने शाळेत असताना पुस्तकात पिंपळाचं जाळीदार पान ठेवलेलं असेल. मोबाइल आल्यापासून ते मागे पडलं.

पिंपळाची पानं याच दिवसांत गळतात, त्यामुळे तोडायचा प्रश्न येत नाही. खाली पडलेली, पण पूर्ण सुकून कुरकुरीत न झालेली, न फाटलेली पानं निवडा. ती पाण्यात बुडवून ठेवायची, वर दगड ठेवायचा. साधारण दोन-तीन आठवड्यांत हिरवा गर कुजून सुटतो. मग पान ताटलीत घेऊन जुन्या मऊ टूथब्रशने देठाकडून टोकाकडे हलक्या हाताने घासायचं आणि धुवायचं. गर निघून जातो, शिरांची जाळी उरते. ती दोन कागदांमध्ये ठेवून जड पुस्तकाखाली दाबली की सपाट होते.

वास येतो, हे आधीच सांगितलेलं बरं. भांडं घराबाहेर ठेवा. आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी आठवडाभरात डास होऊन उडतात. आशाताई घरोघरी कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात आणि आपण पोरांच्या भेटीसाठी डास पाळायचे, हे बरं दिसत नाही.

म्हणजे १४ फेब्रुवारीला हवं असेल तर जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पानं भिजायला पडली पाहिजेत. उशीर झाला असेल तर जाळीचा नाद सोडा. पिवळं पडलेलं पान नुसतं जुन्या वहीत चार-पाच दिवस दाबून, वाळवून कार्डावर चिकटवलं तरी छान दिसतं. पळसाची, काटेसावरीची फुलंही या दिवसांत असतात. जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याला तर पळस भरपूर. पळसाची फुलं पाण्यात उकळली की केशरी रंग मिळतो. तो ब्रशने कागदावर फिरवला की रंगपेटीचे पैसे वाचतात. उकळायचं काम मोठ्यांचं.

कापसाचं बोंड

पऱ्हाटी उपटून बांधावर टाकलेली असते. त्यावरच्या वेचलेल्या, उमललेल्या बोंडाची रिकामी टरफलं नीट पाहा. चार-पाच पाकळ्यांचं लाकडी फूलच असतं ते. मध्ये पिवळा किंवा लाल खडू घासून लावला, देठाला तार किंवा काडी बांधली की कधीही न सुकणारं फूल. गुलाब वीस-तीस रुपयाला मिळतो आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतो.

पण कपाशीवर किती फवारण्या होतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून बोंडं मुलांना परस्पर शेतातून वेचायला पाठवू नका. मोठ्यांनी आणावी, दोन-तीन पाण्यांतून धुवावी, कडक उन्हात चांगली वाळवावी. आत अळी किंवा किडकी सरकी दिसली तर ते बोंड घ्यायचंच नाही. गुलाबी बोंडअळी अशा उरलेल्या बोंडांतच दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. पऱ्हाटीचा ढीग घराशेजारी साठवू नका असं कृषी विभाग सांगतो, ते याचसाठी. कामापुरती पंधरा-वीस साफ टरफलं घ्या, बाकीची विल्हेवाट लावा.

याहून मोठा धोका आहे फवारणीच्या रिकाम्या बाटल्यांचा. त्या रंगीत, मजबूत असतात, झाकणं सुबक असतात. कितीही धुतली तरी अशा बाटलीची फुलदाणी, पेन ठेवायचा डबा किंवा गल्ला करायचा नाही. मूल ती जवळ घेतं, झाकण तोंडात घालतं. पेन स्टँड करायचाच असेल तर नारळाची करवंटी आहे, बांबूचा पेर आहे.

बियांच्या माळा करताना सावध

पोरं रानात गेली की गुंजा गोळा करतात. लालभडक, त्यावर काळा ठिपका. दागिन्याच्या मण्यासारखी दिसते. मैत्रीचा धागा करायला याहून सुंदर मणी नाही असं वाटतं. पण गुंज अतिशय विषारी आहे. अख्खी गिळली तर टणक सालीमुळे कदाचित तशीच बाहेर पडेल. पण चावली, फुटली किंवा ओवण्यासाठी भोक पाडलं की आतलं विष मोकळं होतं. अगदी थोडं पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं. एरंडाच्या नक्षीदार बियांचंही तसंच. धोतऱ्याच्या बिया तर हातातही घेऊ नका. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते, म्हणून त्या फोडू किंवा कुटू नका.

मग कशाचे मणी करायचे? चिंचोके रात्रभर भिजवले की त्यांना सुई लागते. भोपळ्याच्या बिया, काकडीच्या बिया आहेत. ज्वारीच्या ताटाच्या आतला पांढरा गाभा कापून त्याचे गोल मणी होतात, आणि ते हळदीच्या पाण्यात रंगतात. घरात तीन वर्षांखालचं भावंडं असेल तर हे काम ते झोपल्यावर करा. चिंचोका घशात अडकायला एक क्षण पुरतो.

बियाच भेट द्यायच्या असतील तर किराणा दुकानदार बांधतो तशी कागदाची पुडी करायची, त्यात भेंडी, गवार किंवा झेंडूच्या पाच-सहा बिया, वरून दोरा आणि मित्राचं नाव. उन्हाळी भेंडी, गवार लावायचा हाच काळ आहे. सांडपाण्यावर कोपऱ्यात दोन झाडं जगतात. मात्र बिया घरच्या, गावरान असाव्यात. कंपनीच्या पाकिटातलं उरलेलं गुलाबी, निळं, हिरवं बियाणं मुलांच्या हातात द्यायचं नाही. तो रंग बुरशीनाशकाचा असतो.

खाऊ द्यायचा तर

अर्धा किलो भाजलेले, सोललेले शेंगदाणे आणि साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गूळ एकत्र कुटला की लिंबाएवढे तीसेक लाडू होतात. एका वर्गाला पुरतात. काही मुलांना शेंगदाणा सोसत नाही, अंगावर पित्त उठतं किंवा श्वास लागतो, म्हणून शिक्षकांना विचारूनच न्या. बोरं, पेरू हेही आहेतच. खाऊला रंगीत चकचकीत कागद लागत नाही.

कार्डावर लिहायचं काय?

इथेच सगळे अडकतात. कार्ड सुंदर होतं आणि आत 'हॅपी व्हॅलेंटाइन डे' लिहून काम संपतं. मोबाइलवरची चारोळी उतरवून काढली तरी तेच. ती कुणालाही लागू होते, म्हणून कुणाचीच होत नाही.

मुलाला फक्त एक प्रश्न विचारा: याने किंवा हिने तुझ्यासाठी काय केलं होतं? मग तो जे बोलेल, तेच त्याच्या शब्दात लिहायला सांगा. 'मी पडलो तेव्हा तू माझं दप्तर घेतलं.' 'तुझ्या डब्यातलं लोणचं मला आवडते.' 'तू कबड्डीत कधी चिडत नाही.' एवढं एक वाक्य पुरे. ज्या मुलाशी फारसं बोलणं नाही, त्याच्यासाठीही काहीतरी सापडतं: 'तुझं अक्षर चांगलं आहे.' 'तू रोज वेळेवर येते.' कधी कधी मूल म्हणतं, ''त्यानं तर मले मारलं होतं.'' तेव्हा खोटं गोड लिहायला लावू नका. 'आता आपण भांडायचं नाही' एवढं लिहिलं तरी चालतं.

शिक्षकांना लिहिताना 'तुम्ही महान आहात' नको. 'सर, तुम्ही मला भागाकार तीन वेळा समजावून सांगितला' हे जास्त मोलाचं. 'मॅडम, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही घरी फोन केला.' पहिली-दुसरीच्या मुलाने दोनच शब्द लिहिले, त्यात वेलांटी चुकली, तरी दुरुस्त करू नका. शिक्षकाला तेच जपून ठेवावंसं वाटतं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची बदली होते, कपाटं बदलतात, भिंतीवरची घड्याळं आणि शाली कुठे जातात कळत नाही. असे कागद फायलीत टिकतात.

शिक्षकांनाही एक सांगणं आहे. वर्गात वर्गणी निघाल्याचं कानावर आलं तर पहिल्याच दिवशी स्पष्ट म्हणावं, ''मला विकतचं काही चालणार नाही, हाताने केलेलं आणा.'' हे वाक्य पालकाने म्हटलं तर मुलाला आपल्या घरची गरिबी वाटते. शिक्षकाने म्हटलं की तो वर्गाचा नियम होतो.

वेळ किती लागेल?

रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास धरला तर चार दिवसांत वीस कार्डं होतात. याच महिन्यात साधारण शिष्यवृत्तीची परीक्षा असते, दहावी-बारावीचीही धावपळ असते. घरात परीक्षेचं मूल असेल तर त्याला यात ओढू नका. धाकट्यांना बसवा. वाटायचं मधल्या सुट्टीत नाही, शिक्षकांसमोर, हजेरीच्या क्रमाने. म्हणजे कुणाचं राहिलं तर लगेच लक्षात येतं. म्हणून नाव न लिहिलेली दोन-तीन कार्डं जास्तीची दप्तरात ठेवावी, नवीन प्रवेश घेतलेलं एखादं मूल यादीतून सुटलेलं असतं.

हळदीचं काम शाळेच्या गणवेशात करू देऊ नका. तरी डाग पडलाच आणि साबण लावल्यावर तो लाल झाला तर घाबरू नका. नीट खळबळून शर्ट कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन-तीन धुण्यांत फिका पडतो.